हाताने रंगवलेल्या तैलचित्राऐवजी छापील कॅनव्हास पाठवल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : केनरोकुएन बागेतील तळ्याच्या चित्राची फसवी विक्री व पैशांचा परतावा

महोदय,

जपानमधील कानाझावा येथील केनरोकुएन बागेतील तळ्याचे वसंतातील दृश्य, ‘मागणीनंतर हाताने रंगवलेले अस्सल तैलचित्र’ अशी खात्री आपल्या संकेतस्थळावर वाचून, मी १८,५०० रुपये आगाऊ भरून मागवले होते. प्रत्यक्षात आलेली वस्तू ही कॅनव्हासवरची छपाई असून ती तैलचित्र भासावी म्हणून तिच्यावर पारदर्शक जेलचे फटकारे मारलेले आहेत.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. भिंगातून पाहिल्यास चेरीच्या बहरात निळ्या, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे बारीक ठिपके स्वच्छ दिसतात. चित्र उजेडात तिरपे धरले की पाण्यावरून निघालेला जेलचा फटकारा तसाच दगडी दिव्यावरून आणि पुढे झाडाच्या खोडावरून सरळ गेलेला दिसतो. हातात ब्रश घेऊन तो दिवा रंगवणारा माणूस असे कधीही करणार नाही. फ्रेमवाल्याने कॅनव्हास लाकडी पट्ट्यांवर ताणला तेव्हा कोपऱ्यातल्या घडीवर छपाई तडकून खालचा पांढरा थर उघडा पडला. मागणीनंतर आठवडाभरात पार्सल घरी आले, याचे तेव्हा कौतुक वाटले होते. परंतु तैलरंगाचा जाड थर एवढ्या अवधीत गुंडाळण्याइतका वाळत नाही.

चित्रातील दृश्यही वर्णनाशी जुळत नाही. कासुमिगाइके तळ्याकाठचा ‘कोतोजी’ हा दोन पायांचा दगडी दिवा ही त्या बागेची ओळख आहे. त्याचा एक पाय पाण्यात आणि दुसरा, आखूड पाय काठच्या दगडावर आहे. आपल्या चित्रात दोन्ही पाय सारखे असून गवतात रोवलेले आहेत. शिवाय पाइनच्या फांद्यांना उंच खांबाच्या टोकापासून छत्रीच्या काड्यांसारखे दोर बांधलेले दाखवले आहेत. जड बर्फाने फांद्या मोडू नयेत म्हणून हे दोर १ नोव्हेंबरपासून बांधू लागतात आणि मार्चमध्ये काढतात, तर चेरी तेथे साधारण एप्रिलच्या सुरुवातीला फुलते.

यावर आपल्या प्रतिनिधीने ‘कलाकाराचे स्वातंत्र्य’ असे उत्तर दिले. चित्रकाराने स्वातंत्र्य घ्यावे, माझी ना नाही. पण त्यासाठी आधी चित्रकार असावा लागतो.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसलेली वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत व निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तरी आपण स्वखर्चाने चित्र परत न्यावे, संपूर्ण रक्कम माझ्या खात्यात जमा करावी आणि संकेतस्थळावरील ‘हाताने रंगवलेले’ हे शब्द काढून टाकावेत. मुदतीत तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपला,
(स्वाक्षरी)

सोबत : पावतीची प्रत, संकेतस्थळावरील वर्णनाची प्रत, भिंगातून काढलेली छायाचित्रे