शुभेच्छा रविवारी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शुक्रवारी, ३ एप्रिलला सकाळी दूध आणायला बाहेर पडले, तर आमच्या चौकात रातोरात फ्लेक्स लागलेला. ‘समस्त ख्रिस्ती बांधवांना गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा’. एका बाजूला वधस्तंभावर खिळलेला येशू, दुसऱ्या बाजूला हात जोडून हसणारे भाऊ आणि खाली भाऊंची पोरं गॉगल लावून रांगेत. तुमच्या अंकातही आतल्या पानावर त्याच मजकुराची जाहिरात होती, म्हणून हे पत्र तुम्हाला. भाऊंवर माझा राग नाही. माणूस मनाचा चांगला आहे, त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

गुड फ्रायडे हा येशूला जिवे मारल्याचा दिवस. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखं असतं. सगळा घोळ त्या ‘गुड’ने केलाय. जुन्या इंग्रजीत त्याचा एक अर्थ ‘पवित्र’ असाही होता. तो अर्थ मागे पडला, नाव तेवढं चिकटून राहिलं. जर्मन लोक याच दिवसाला शोकाचा शुक्रवार म्हणतात, असं आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं होतं. आम्ही मराठीत ‘उत्तम शुक्रवार’ म्हणतो, म्हणजे इंग्रजांची चूक जशीच्या तशी उचलली.

माझा सहावीतला नातू बुधवारी शाळेतून ग्रीटिंग कार्ड घेऊन आला. बाईंनी सगळ्या वर्गाकडून करून घेतलेलं. ससा, रंगीत अंडी आणि चमकीने लिहिलेलं ‘हॅपी गुड फ्रायडे’. रात्री जेवताना विचारतो, “आजी, मग परवा आपण हॅपी असायचं का सॅड?” त्याच्या बाईंना मी नावं ठेवणार नाही. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि मोहरमच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी फळ्यावर रंगीत खडूने ‘मोहरमच्या शुभेच्छा’ असं वर्षानुवर्षं लिहीत आले. नगरच्या मोहरमात आम्ही लहानपणापासून सवाऱ्या बघायला जायचो, त्यामुळे तो सणच वाटायचा. शेवटी उर्दू शाळेतल्या एक बाई हळूच म्हणाल्या, “ताई, शुभेच्छा नका हो लिहू, तो शोकाचा दिवस.” तेव्हापासून मी कानाला खडा लावला. म्हणून आता तुम्हालाही हळूच सांगते आहे.

(गावाचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण तोंडात अजून नगरच येतं.)

शुक्रवारी आम्ही बायका पांढरं लुगडं, पांढरी साडी नेसतो. जिना उतरताना शेजारच्या वहिनींनी पाहिलं आणि घाबरून विचारलं, “अहो, कुणी गेलं का?” मी म्हटलं, “हो.” मग त्यांच्या लक्षात आलं. पण मला विचाराल तर सकाळपासून त्या एकट्याच बरोबर बोलल्या होत्या.

दुपारी बारा ते तीन चर्चमध्ये उपासना असते. येशूने वधस्तंभावरून सात उद्गार काढले. त्या एकेकावर एकेक जण बोलतो, मधे गीतं आणि प्रार्थना. यंदा पाचवा उद्गार माझ्या वाट्याला आला. ‘मला तहान लागली आहे.’ एवढाच. एप्रिलातलं नगरचं ऊन, दीड-पावणेदोनचा सुमार, छताचे पंखे गरम हवा खाली लोटताहेत. पुढच्या बाकांवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाही. व्हरांड्यातला माठ, त्यावरचं झाकण, झाकणावर उपडा ठेवलेला पेला, हे सगळं मला उघड्या दारातून समोरच दिसत होतं. चार रात्री बसून जुळवलेलं बोलणं मी पार विसरले. तेवढ्यात कुणाच्या तरी लेकराच्या हातून स्टीलची बाटली सुटली आणि खणखणत, घरंगळत थेट माझ्या पायाशी आली. एरवी खसखस पिकली असती, त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी बाटली उचलून त्याच्या आईला नेऊन दिली आणि उरलेलं दोन वाक्यांत आटपलं. तीन वाजता बाहेर आल्यावर मोबाइल उघडला, तर तेवढ्यात सव्वीस ‘हॅपी गुड फ्रायडे’ येऊन पडलेले. गुलाबाची फुलं, उगवता सूर्य, एकात तर वाफाळता चहा.

घरी येऊन पिठलं-भाकरी खाल्ली. त्या दिवशी आमच्या घरी दुसरं काही शिजत नाही.

वहिनींचा आणखी एक दरवर्षीचा प्रश्न असतो: तुमची ही तारीख बदलते कशी? नाताळ कसा ठरलेला, २५ डिसेंबर! तर ईस्टर, म्हणजे मेलेला येशू पुन्हा उठला तो दिवस, चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार, तो ईस्टर. त्याच्या आधीचा शुक्रवार तो गुड फ्रायडे. ईस्टर कधी पाळायचा हा वाद इसवी सन ३२५ मध्ये निकिया गावी भरलेल्या बिशपांच्या धर्मसभेपुढे आला होता, इतकं हे जुनं. ऐकून वहिनी म्हणाल्या, “म्हणजे तुमचंही तिथीवरच की!” आहेच मुळी. यंदा चैत्री पौर्णिमा गुरुवारी २ एप्रिलला, म्हणजे मारुतीचा जन्म आदल्या दिवशी आणि आमचा शोक दुसऱ्या दिवशी. २०२४ साली तर धुळवडच त्या आठवड्यात आली होती. सोमवारी, २५ मार्चला रंग आणि शुक्रवारी, २९ ला आमच्या पांढऱ्या साड्या.

तर त्या गुरुवारी वहिनींनी वाटीभर सुंठवडा आणून दिला. यावर आमच्या समाजात दोन तट आहेत, लपवण्यात अर्थ नाही. माझ्या सासूबाई प्रसाद घेत नसत. हात जोडून “देवाचं तुमच्याकडेच राहू द्या” म्हणत. मी घेते. बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेल्या पत्रात नैवेद्याचं खावं की नाही यावर अख्खा एक अध्याय खर्च केला आहे आणि त्यातून दोन्ही तट आपापल्या सोयीचं उचलतात. शिवाय शेजारीण उन्हातून वाटी घेऊन दारात आली, तर तिच्या हातातली वाटी परत पाठवायची हे मला जमत नाही. पण ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस मी गोड सोडलेलं असतं. तेव्हा सुंठवडा डबीत भरून ठेवला, रविवारसाठी.

रविवारी पहाटे साडेचारला उठून आम्ही दफनभूमीत जातो. “अंधारात? भीती नाही वाटत?” हाही नेहमीचाच प्रश्न. कसली भीती, सगळी आपलीच माणसं तिथे. आदल्या दिवशी गवत काढून, चुना मारून कबरी स्वच्छ केलेल्या असतात. वाऱ्याने मेणबत्ती विझू नये म्हणून पाण्याच्या बाटल्या अर्ध्या कापून तिच्याभोवती लावायच्या, झेंडूची फुलं ठेवायची. यांच्या कबरीवर मी मोगरा ठेवते, झेंडूचा वास यांना कधी आवडला नाही. मग पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीचं गीत सुरू होतं. पाळकसाहेब म्हणतात, “ख्रिस्त उठला आहे”, आणि आम्ही सगळे, “खरोखर उठला आहे!” हळूहळू उजाडतं. घरी परतल्यावर आधी सुंठवडा खाल्ला, नंतर मटणाची तयारी.

आणि त्या दिवशी, संपादकसाहेब, मोबाइलवर एक मेसेज नाही! म्हणजे आमच्या नात्यागोत्यातले सोडून. चौकात शुक्रवारचा फ्लेक्स तसाच लटकलेला. वर्षातला आमचा सगळ्यात मोठा सण, नाताळापेक्षाही मोठा, आणि तुमच्या अंकात त्याच्यावर एक चौकट नाही. जिथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन ही मिशनऱ्यांची संस्था आली, जिथून १८४२ साली ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक निघू लागलं, त्या गावच्या वाचकांना ईस्टर म्हणजे काय हे ठाऊक नसावं, यात थोडी चूक आमचीही असेल. आम्ही नाताळला करंज्या-चकल्यांची ताटं देतो आणि ईस्टरला गप्प बसतो. यंदा वहिनींकडे वाटी रिकामी पाठवली नाही, मटणाचं त्यांना चालत नाही म्हणून शेवयांची खीर दिली.

सोबत नातवाचं कार्डही गेलं. त्याने ‘गुड फ्रायडे’वर रेघ मारून वर ‘ईस्टर’ लिहिलं आणि ससा तसाच ठेवला. सशाचं काय, ते मात्र मलाही विचारू नका.

पुढच्या वर्षी गुड फ्रायडे २६ मार्चला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. तुमच्या जाहिरात विभागात एवढी चिठ्ठी चिकटवून ठेवावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर