हात वर करून मतदान शिकता येत नाही

महोदय,

मतदानाचे वय १६ करावे का, या वादात शाळा मागेच राहते. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये ते १६ केले, तेव्हा शाळांतील राजकीय शिक्षणावरही भर दिला. अनेक शाळांत मात्र वर्गप्रतिनिधी हात वर करून निवडतात. गुप्तता तिथेच संपते. मुले मित्राकडे बघून हात उचलतात. गुण पाहून उमेदवार बाद करणारे शिक्षक तर निवडणूकच गुंडाळतात!

मतदारयादी आठवडाभर आधी फलकावर लावा, चुका मुलांनाच शोधू द्या. आडोसा, मतपत्रिका, बंद पेटी हवी. मोजणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर. बाद मते फेकू नका. दोन नावांवर खूण, ओळख उघड करणारी सही, कोरी मतपत्रिका, हे वर्गात दाखवा. दोन तासिका पुरतात.

— एक नागरिकशास्त्र शिक्षक