झोप लागते का?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. रविवारी तू ऑफिसातल्या सक्तीच्या मजेबद्दल सांगत होतीस, मी ‘जरा मिसळायला शीक’ म्हणालो आणि तू फोन ठेवलास. तेव्हापासून आईसुद्धा माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. खरं तर झोप लागते का, एवढंच विचारायचं होतं.

शुक्रवारी रंगीत टोपी घालून नाचायचं, नाही नाचलं तर साहेब ‘टीम स्पिरिट नाही’ म्हणणार. यात कसली आली मजा? हे तेव्हाच बोलायला हवं होतं. पण ३० वर्षं पर्सोनेलमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांचं बघणाऱ्या खात्यात, असले खेळ मीच भरवले ना! स्टोअरमधले ते अबोल काका आठवतात, तुला पेन्सिली द्यायचे? त्यांना मी हाताला धरून संगीत खुर्चीत उभं केलं होतं. फोटोत ते हसताहेत. पुढच्या वर्षी नेमकी त्या दिवशी त्यांनी रजा टाकली. मला कळलं नाही. की कळून घेतलं नाही?

डोनाल्ड रॉय नावाच्या समाजशास्त्रज्ञाने स्वतः कारखान्यात यंत्रावर काम केलं होतं. त्याचा लेख १९५९-६० मध्ये छापून आला. दिवसभर तेच ते काम. त्यात एक जण रोज सकाळी दुसऱ्याच्या डब्यातलं केळं पळवून खायचा. तो दुसरा रोज आरडाओरडा करायचा आणि उद्या पुन्हा केळं घेऊन यायचा! ती मजा वरून कुणी ठरवून दिलेली नव्हती. मी हे वाचलं होतं, तरी संगीत खुर्ची भरवलीच.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची नोंद केली. आजार म्हणून नव्हे, कामातून येणारी अवस्था म्हणून. गळून जाणं, कामाचा तिटकारा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. परवा तू ‘काय फरक पडतो, बाबा’ म्हणालीस. हे त्यातलं दुसरं की तिसरं, याचा विचार करत रात्री बसलो होतो.

झालं, पुन्हा व्याख्यान. माफ कर. पण मागच्या वर्षी रात्री दोनला फोन करून ‘बाबा, चाललं, माझं डिझाइन चाललं!’ म्हणून ओरडली होतीस. मी सकाळपर्यंत जागा होतो, आनंदाने. तसं इतक्यात कधी ओरडली आहेस का? नाचावंसं वाटलं नाही तर नाचू नकोस. साहेबाशी मी वागायचो तसं वागू नकोस, स्पष्ट बोल. आणि झोपेचं कळव.

तुझा,
बाबा

ता. क. निळी बॅग इथेच राहिली आहे. आई पाठवू का विचारते.