सघन आंब्याला छाटणी शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अंबड तालुक्यात माझी एक एकर केसरची बाग आहे. सघन (दाट) लागवड ५ × ५ मीटरवर, म्हणजे एकरी सुमारे १६० झाडे. जुन्या १० × १० मीटरच्या बागेत एकरी ४०च बसत. रोपे देणाऱ्याने चौपट झाडांचा हिशेब सांगितला, छाटणीचा शब्दही काढला नाही. सातव्या वर्षी फांद्या फांद्यांत शिरल्या, खाली ऊन पोचेना, फळ फक्त शेंड्याला. मोहोराचा रस शोषणारे तुडतुडे तर हटेनातच.

खरे तर कलम गुडघ्याच्या वर आले की शेंडा मारायचा, चारही दिशांना तीन-चार फांद्या राखायच्या. मला हे फार उशिरा कळले. मग दोन वर्षे आंबे उतरताच जूनमध्ये करवत घेतली. मधली उभी फांदी काढून झाडाचे पोट उघडे केले, कापांवर बुरशी रोखणारी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. तेव्हा आई रडली होती. यंदा खालच्या फांद्यांवरही मोहोर आहे.

वेळ मात्र पाळावीच लागते. आंब्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. छाटणी ऑगस्ट-सप्टेंबरवर गेली की नवी पालवी थंडीपर्यंत पक्व होत नाही आणि वर्ष हातचे जाते.

फळबाग योजनेचे अनुदान तीन वर्षांत संपते, छाटणीची खरी गरज त्यानंतर लागते. कृषी विभागाने दर मे महिन्यात गावातल्याच बागेत, झाडावर करवत चालवून प्रशिक्षण द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक केसर उत्पादक, ता. अंबड, जि. जालना