कर्ज थकलं तरी बचत खातं निघतं

मा. संपादक,
स. न.

कापसाचा चुकारा, अतिवृष्टीची मदत, निराधारांचं मानधन, लाडकी बहीणचे दीड हजार यातलं आता काहीच हातात मिळत नाही, सगळं खात्यात पडतं. आणि ज्याचं पीककर्ज थकलं, त्याला नेमकं खात्यापाशीच अडवलं जातं. जुन्या खात्याला ‘होल्ड’ लागतो, म्हणजे पैसे काढणं बंद होतं, आणि दुसऱ्या बँकेत गेलं तर ‘आधी नील दाखला (थकबाकी नसल्याचा दाखला) आणा’ असं ऐकवतात. त्यामुळे गावोगाव लोक धरून चालले आहेत की कर्ज फिटेपर्यंत नवीन खातं निघतच नाही. ही समजूत चुकीची आहे आणि ती दूर व्हावी म्हणून हे पत्र.

बेसिक बचत खातं ही सर्वांसाठीची साधी बँकसेवा आहे, असं रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच सांगितलं आहे. किमान शिल्लक लागत नाही. एटीएम कार्ड फुकट मिळतं. पैसे कितीही वेळा जमा होऊ शकतात आणि महिन्यातून निदान चार वेळा विनाशुल्क काढता येतात. सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, पाहायची ती कर्ज देताना. बचत खात्याला सिबिलही लागत नाही आणि नील दाखलाही लागत नाही. ‘तुमचं गाव आमच्या शाखेला दत्तक नाही’ हेही कारण चालत नाही, कारण दत्तक गाव हा कर्जवाटपाचा विषय आहे.

खातं कुठं काढायचं, याला मात्र फार महत्त्व आहे. जिथं कर्ज थकलं आहे त्या बँकेत मुळीच काढू नये. आपल्याकडे आलेली ग्राहकाची रक्कम येणं कर्जापोटी अडवण्याचा हक्क बँका करार कायद्याच्या कलम १७१ वरून सांगतात. सोसायटीमार्फत जिल्हा बँकेचं कर्ज असेल तर जिल्हा बँक टाळावी, राष्ट्रीयीकृत बँकेचं असेल तर तिची दुसऱ्या गावची शाखासुद्धा टाळावी, कारण बँक एकच असते. जामीनदारांनाही हेच लागू. नवऱ्याचं कर्ज थकलं म्हणून बायकोच्या एकटीच्या खात्याला हात लावता येत नाही; ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच प्रश्न येतो.

टपाल खात्याची पेमेंट्स बँक थकबाकीदारासाठी विशेष सोयीची आहे. पेमेंट्स बँकेला स्वतः कर्ज द्यायची परवानगीच नसते, त्यामुळे तिथं कर्जवसुलीसाठी रक्कम वळती होण्याचा प्रश्न येत नाही. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खातं काढून देतो. अडचण एकच. दिवसाअखेर शिल्लक दोन लाखांच्या वर ठेवता येत नाही. लांब धाग्याच्या कापसाच्या २०२५-२६ च्या ८,११० रुपये क्विंटल हमीभावानं पंचवीस क्विंटलचेच २,०२,७५० होतात. असा चुकारा यायचा असेल तर पोस्टातलं बचत खातं आधीच जोडून घ्यावं, जास्तीची रक्कम तिकडे जाते. पतसंस्थेत खातं काढून भागणार नाही. पतसंस्था ही बँक नव्हे, आणि बँकेतल्या ठेवीला असलेलं पाच लाखांचं विमा संरक्षण तिथं नसतं.

कागद थोडेच लागतात. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा अधिकाऱ्याच्या सहीचं रोजगार हमीचं जॉबकार्ड, यांपैकी एक, आणि फोटो. पॅन नसेल तर बँकेतच तसा घोषणा-फॉर्म भरून द्यायचा. यातलं काहीच नसेल तरी फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही-अंगठा देऊन ‘छोटं खातं’ निघतं. त्यात वर्षाला एक लाखापर्यंत जमा, महिन्याला दहा हजारांपर्यंत उचल आणि पन्नास हजारांपर्यंत शिल्लक, एवढी मर्यादा असते. ते आधी बारा महिने चालतं. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी बारा महिने.

फॉर्मवर ‘बेसिक सेव्हिंग्ज’ असं स्वतः लिहून घ्यावं, नाहीतर साधं बचत खातं उघडलं जातं आणि काही बँकांत किमान शिल्लकेचा दंड सुरू होतो. सोबत ४३६ आणि २० रुपये वार्षिक हप्त्याच्या विम्यांची संमतीपत्रं असतात. विमा वाईट नाही, पण सही करण्याआधी वाचून घ्यावं. चार उचलींनंतर काही बँका शुल्क घेतात, काही व्यवहारच थांबवतात. म्हणून दर बाजाराच्या दिवशी पाचशे काढण्याऐवजी महिन्याचे पैसे दोनदा काढलेले बरे.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो आधारचा. नवीन खातं काढलं, पासबुक हातात आलं, आणि अनुदान पुन्हा जुन्याच होल्डच्या खात्यात पडलं, असं वारंवार घडतं. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, आधारची झेरॉक्स देणं वेगळं आणि अनुदानासाठी आधार सिडिंग, म्हणजे आधारवरचा पैसा कुठल्या बँकेत जायचा याची जोडणी, वेगळं. आधारवर येणारा पैसा शेवटी ज्या बँकेशी सिडिंग झालं तिथंच जातो. त्यासाठी नवीन बँकेत स्वतंत्र संमती फॉर्म भरून पोच घ्यावी. चार-आठ दिवसांनी माय आधार संकेतस्थळावर बँकेचं नाव बदललं का ते पाहावं, आणि मगच पुढच्या हप्त्याची वाट पाहावी.

कोर्टानं रीतसर दिवाळखोर ठरवलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे. आपल्याकडे व्यक्तीसाठी अजून १९२० चा प्रांतिक दिवाळखोरी कायदा लागू आहे. त्यातही बचत खात्याला बंदी नाही. पण नंतर मिळालेली मालमत्ताही कोर्टानं नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते, म्हणून नवीन खात्याची माहिती त्याला द्यावीच लागते. जनधन खात्यावरचा दहा हजारांपर्यंतचा ओव्हरड्राफ्ट (शिल्लक नसताना मिळणारी उधार उचल) आपण दिवाळखोर आहोत हे बँकेला न सांगता घेऊ नये. मुक्त न झालेल्या दिवाळखोरानं ही गोष्ट लपवून पन्नास रुपयांची उधारी घेतली तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

शाखेनं खातं नाकारलं तर वाद न घालता लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि नकाराचं कारण लेखी मागावं. बरेचदा इथंच काम होतं. नाही झालं तर त्याच बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अतिवृष्टीची मदत होल्डमध्ये अडकली असेल तर शासन निर्णयाची प्रत अर्जाला जोडावी. ही रक्कम कर्जात वळती करू नये, असं अशा निर्णयांत लिहिलेलं असतं. या अर्जाची एक प्रत तहसीलदारांना आणि एक जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय पाहणाऱ्या बँकेच्या) व्यवस्थापकांना द्यावी.

अग्रणी बँकेनं प्रत्येक शाखेच्या दर्शनी भागी ‘थकबाकीदारांनाही बेसिक बचत खातं मिळेल’ असा मराठी फलक पुढच्या अनुदानाआधी लावून घ्यावा, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ