शिट्टी आधी की गळती आधी?

पुणे,
रविवार दुपार

प्रिय संदीप,

स.न.वि.वि.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुण्यांचा गोंधळ होता, धड बोलता आलं नाही. आणि व्हॉल्व्हचं प्रकरण व्हॉट्सअॅपवर तुकड्या-तुकड्यांत सांगितलं तर तू सोयीचा तुकडा तेवढा उचलशील, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. म्हणून हे लांबलचक पत्र.

तू दोन गोष्टी एका दमात सांगितल्यास. एक, तुझ्या श्कोडा लॉराची ओढ कमी झालीय, तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला तरी पूर्वीसारखी सुटत नाही, आणि मधूनच चेक-इंजिनचा दिवा लागतो. दोन, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवायचाय. पाय काढला की ‘पश्श’ असा आवाज रंकाळ्याच्या पार पलीकडे गेला पाहिजे. तुला वाटतंय की एका खरेदीत दोन्ही कामं होतील. मला वाटतं, आवाजाच्या नादात गळती तशीच राहील.

आधी आत काय चालतं ते बघ. तू पाय दाबून ठेवलेला असतोस तेव्हा टर्बोचं, म्हणजे इंजिनात जादा हवा भरणाऱ्या पंख्याचं, चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेत हवा कोंबत असतं. गिअर बदलायला पाय उचललास की थ्रॉटलची झडप बंद होते, पण चाक थोडंच लगेच थांबतंय? कोंबलेल्या हवेला पुढे वाट नाही. दार लावून घेतलेल्या एसटीसमोरच्या गर्दीसारखी ती मागे उसळते आणि पात्यांमधूनच उलटी फिरते. तो फडफड आवाज पोरांना फार आवडतो. पण त्यात चाकाचा वेग मोडतो आणि शाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर नको तो भार येतो. या हवेला वाट काढून देणं, एवढंच व्हॉल्व्हचं काम. ती वाट बाहेर उघडली तर शिट्टी ऐकू येते, टर्बोच्या तोंडाशी परत नेली तर फारसं काही ऐकू येत नाही. कंपनीने तुझ्या गाडीत दुसरा प्रकार दिलाय, आणि तो उगाच दिलेला नाही.

तुझ्या 1.8 टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनमध्ये एअर फिल्टरच्या पुढे एमएएफ सेन्सर आहे. आत शिरणारी हवा तो मोजतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, त्या हिशेबाने पेट्रोल टाकतो. मोजलेली हवा तू बाहेर सोडून दिलीस तरी ईसीयूच्या वहीत ती जमाच राहते. मग प्रत्येक वेळी पाय काढताना मिश्रण क्षणभर रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त पडतं, गाडी अडखळते, सायलेन्सरमधून पटपट आवाज येतात आणि न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. जुन्या सुबारू डब्ल्यूआरएक्सवाल्यांची हीच रड असते. ज्या गाड्या एमएएफ न वापरता मॅनिफोल्डमधल्या, म्हणजे थ्रॉटलपुढच्या नळकांड्यातल्या, दाबावरून हिशेब करतात, त्यांना हवा बाहेर सोडल्याचं फारसं काही वाटत नाही. पोलो जीटीची 1.2 टीएसआय त्यातली. म्हणजे तुझ्या मेव्हण्याच्या पोलोवर जे चाललं ते लॉरावर चालेलच असं नाही.

बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, वाढवायचा असेल तर व्हॉल्व्हची कडक स्प्रिंग घे, असं त्या दुकानदाराने तुला सांगितलं म्हणे. हे ऐकून माझं डोकंच फिरलं. व्हॅक्यूमच्या नळीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये फुल थ्रॉटलला खालून बूस्ट ढकलत असतो आणि वरून मॅनिफोल्डच्या नळीने तोच बूस्ट दाबत असतो. दोन्हीकडचा दाब जवळपास सारखा, मग स्प्रिंगला बूस्टशी कुस्ती खेळावी लागतेच कुठे? स्प्रिंग ठरवायची ती आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम किती आहे त्यावरून. कडक घेतलीस तर व्हॉल्व्ह उशिरा उघडतो आणि फडफड सुरू. फार मऊ घेतलीस तर आयडललाही उघडा राहतो. त्यात तो बाहेर सोडणारा असला तर तिथूनच न मोजलेली हवा आत ओढली जाते आणि सिग्नलला गाडी बंद पडायला लागते.

आणि हे सगळं तुला लागूही नाही. लॉराचा व्हॉल्व्ह विजेवर चालतो. तो टर्बोच्याच अंगावर, खालच्या बाजूला, तीन बोल्टांवर बसलेला आहे आणि ईसीयू त्याला उघड म्हणून सांगतो. नळीवर चालणारा एचकेएस किंवा टायल कंपनीचा व्हॉल्व्ह बसवायचा तर मूळची जागा बंद करा, नवीन पाइप टाका, मॅनिफोल्डवरून व्हॅक्यूमची नळी ओढा, आणि जुनं सोलेनॉइड (व्हॉल्व्ह उघडणारं विजेचं चुंबक) नुसतं जोडून ठेवा, नाहीतर दिवा लागलाच. एवढी उठाठेव मोठा टर्बो टाकणाऱ्याने करावी. त्यातून एचकेएसच्या गोल व्हॉल्व्हच्या नकला बाजारात इतक्या आहेत की खरा कुठला हे ओळखणं अवघड. नकलेत पिस्टन अडकतो, आणि अडकलेला व्हॉल्व्ह म्हणजे गळकाच.

आता तुझ्या दिव्याबद्दल. आधी स्कॅन करून ईसीयूतले बिघाडाचे कोड वाच. पी0299 म्हणजे बूस्ट कमी पडतोय. पी2261 आला तर बोट सरळ या व्हॉल्व्हकडेच आहे. फोक्सवॅगन-श्कोडाच्या या कुळातल्या इंजिनांवर आधी जे व्हॉल्व्ह आले त्यांत रबरी पडदा असायचा. उष्णतेने तो फाटतो आणि बूस्ट गुपचूप परत टर्बोच्या तोंडाशी जातो. पुढे पिस्टनचे आले. तुझी गाडी सेकंडहँड, त्यामुळे आधीच्या मालकाने काय बसवलंय ते काढल्यावरच दिसेल. पण काढायच्या आधी धुराची टेस्ट (नळ्यांत धूर सोडून गळती शोधणं) करून घे. इंटरकूलरचा (कोंबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज क्लिपमधून निसटलेला असू शकतो किंवा पीसीव्ही (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणारा व्हॉल्व्ह) गेलेला असू शकतो, आणि तसं असेल तर कितीही महागाचा व्हॉल्व्ह घे, ओढ येणार नाही.

व्हॉल्व्हच निघाला तर दोन वाटा आहेत. एक, कंपनीचाच सुधारलेला नवीन व्हॉल्व्ह. स्टॉक, म्हणजे काही न बदललेल्या, गाडीला तो पुष्कळ झाला. दुसरी, ऑस्ट्रेलियाच्या जीएफबी कंपनीचा डीव्ही-प्लस. त्यात तुझं मूळ सोलेनॉइड तसंच राहतं, फक्त पडद्याच्या किंवा प्लास्टिकच्या जागी धातूचा पिस्टन येतो. हवा परत आतच जाते, ईसीयूला काही कळत नाही. पुढेमागे रीमॅप करायचा (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायचा) तुझा विचार आहे (नाही म्हणू नकोस), म्हणून मी असतो तर हाच घेतला असता. फोर्ज कंपनीची, हवा बाहेर सोडणारी चकतीही मिळते, पण ती नको, कारण वर सांगितलंच.

बसवणं अवघड नाही, फक्त अडचणीच्या जागी आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ दे, टर्बोजवळ हात घालायचाय. गाडी रॅम्पवर घे, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नकोस. खालचं प्लास्टिकचं कव्हर काढ, सोलेनॉइडचा कनेक्टर सोडव, मग तीन बोल्ट. एक बोल्ट असा कोपऱ्यात आहे की मिस्त्री शिव्या देणारच. बॉल-एंडची अॅलन की दे त्याला. बसायची जागा फडक्याने पुसा, पॉलिश पेपर मारू नका, कण टर्बोत जातात. ओ-रिंग नवीन घ्या. बोल्ट तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. सात-आठ न्यूटनमीटरच्या वर जायचं नाही. आपल्याकडे ‘अजून एक पीळ’ द्यायची जी खोड आहे ती इथे नको. मग इग्निशन चालू करून व्हीसीडीएसमधून (या गाड्या तपासायचं लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर) आउटपुट टेस्ट लाव, व्हॉल्व्ह टकटक वाजला पाहिजे. शेवटी त्यातच ब्लॉक 115 (बूस्टचे आकडे) चा लॉग घे, मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट शेजारी-शेजारी दिसतील.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलंय. बुलेटचे सायलेन्सर रोडरोलरखाली जाताना तू पाहिलेस ना? शिट्टीवाली गाडी पोलिसाच्या कानात लगेच भरते.

आणि एवढं करून आवाज हवाच असेल तर एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण एकदा काढून गल्लीत चक्कर मार. परत आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा बऱ्यापैकी ऐकू येतो. धुळीत तसं फिरवू नकोस मात्र. डिझेल गाड्यांना बॅटरीवर वाजणारी खोटी शिट्टी लावतात, तिचं नावही माझ्यापुढे काढू नकोस.

स्कॅनचे कोड कळव, मग मागवायचं ठरवू. वहिनींना नमस्कार, काकांची तब्येत कशी आहे ते लिही.

तुझा,
निखिल

ता.क. खालच्या कव्हरचे स्क्रू आणि क्लिपा आधीच आणून ठेव. जुन्या गाडीवर त्यातल्या निम्म्या गायब असतात, आणि उरलेल्या मिस्त्रीच्या हातात तुटतात.