सुई टोचली, त्याची नोंद कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रुग्णालयातल्या सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा गेटवरच्या गार्डपाशी येऊन थांबते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर संपावर गेले, आपल्या नागपूरच्या मेडिकल-मेयो या सरकारी रुग्णालयांतलेही गेले, आणि त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची नऊ इन्चार्ज सिस्टर म्हणून. मला रोज धास्ती असायची ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत चुकून पडलेल्या सुईची.

एक प्रसंग सांगते. नागपुरातल्याच एका मोठ्या रुग्णालयातला आहे, नाव घेत नाही. मे महिना, दुपारची पाळी. सफाईच्या मावशी पिशवीला गाठ मारत होत्या आणि एकदम हात झटकून उभ्या राहिल्या. पातळ हातमोज्यावर, तर्जनीच्या पेराशी, रक्ताचा ठिपका. कोणीतरी घाईत वापरलेली सुई पांढऱ्या डब्यात न टाकता पिशवीत टाकली होती. मावशींनी मोजा काढून बोट तोंडात घातलं. मी त्यांना ओढतच नळाशी नेलं, साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुतलं आणि फॉर्म भरायला घेतला. तर त्या हात जोडायला लागल्या, "सिस्टर, कायले लिहून राहिल्या? ठेकेदार उद्याच काढून टाकीन मले." हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजारावरच्या लशीचा एकही डोस त्यांना मिळालेला नव्हता. सुई कोणत्या रुग्णाची, हे कळायला मार्ग नव्हता. पुढचे २८ दिवस त्यांनी एचआयव्ही प्रतिबंधाच्या गोळ्या घेतल्या, उलट्या सोसत. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह येईपर्यंत नातवाला मांडीवर घेतलं नाही.

या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू करायच्या असतात, ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणजे नोकरीच्या भीतीने तीन दिवस गप्प बसलेल्या बाईसाठी औषधाचं दार बंद होतं. आणि खरा मोठा धोका हेपॅटायटिस बीचा. रुग्णाला तो आजार असेल आणि सुई टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर शंभरात तीस जणांपर्यंत लागण होऊ शकते. तीन डोसांनी टळणारी गोष्ट आहे ही.

नियम नाहीत असं नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा तपासणी, एकदा प्रशिक्षण, अपघाताची नोंद, सगळं लिहिलेलं आहे. कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही, हेही आहे. (आपल्या मे महिन्यात ४८ तासही फार होतात, कचऱ्याच्या खोलीशेजारी ज्याची ड्युटी असते त्याला विचारा.) पण हे सगळं पाहायचं कोणी? संसर्ग नियंत्रणाची सिस्टर वेगळी, आगीचं इंजिनिअरिंग विभागाकडे, सफाई ठेकेदाराकडे. मावशी कोणाचीच नाही.

हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत हजार कामगारांचा कारखाना असेल, तर १९४८ च्या कारखाना कायद्याने तिथे सुरक्षा अधिकारी लागायचा. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने तो आकडा ५०० वर आणला. पण ही सक्ती कारखाने, बांधकामं आणि खाणी यांच्यापुरतीच. रुग्णालयात हजारो माणसं राबली तरी अशा अधिकाऱ्याची सक्ती नाही. रुग्णालयातच एक अपवाद आहे, एक्स-रे विभाग. अणुऊर्जा नियामक मंडळ तिथे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी मागतं, म्हणून तंत्रज्ञाच्या खिशाला किरणोत्सर्ग मोजणारा बॅज दिसतो आणि त्याचं रीडिंग तपासलं जातं. कारण त्या कामावर एका माणसाचं नाव लिहिलेलं आहे.

बाकीच्या इमारतीत काय चालतं? बाथरूम लवकर चमकावं म्हणून हायपो (ब्लीचचं द्रावण) आणि ॲसिड एकत्र ओततात. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे चुरचुरत, खोकत बाहेर पळालेली मुलगी मी पाहिली आहे, तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा तान्ही बाळं गेली. त्यानंतर आमच्याकडेही ऑडिट झालं, आग विझवायचे लाल सिलिंडर भिंतीवर लागले. मी निवृत्त होईपर्यंत रात्रपाळीच्या एकाही मुलीच्या हाती त्याची पिन काढायला दिली नव्हती.

माझी मागणी एकच आहे. मेडिकल, मेयो, डागा आणि शहरातल्या प्रत्येक मोठ्या खासगी रुग्णालयात पूर्णवेळ सुरक्षा अधिकारी नेमा. त्याने थेट अधिष्ठात्यांना किंवा संचालकांना अहवाल द्यावा, रात्री दोन वाजताही वॉर्डात फिरावं, आणि कंत्राटी माणसालाही त्याने आपलंच धरावं. लशीचा पुरावा दाखवल्याशिवाय ठेकेदाराचं बिल मंजूर करू नये. पहिल्या वर्षी सुई टोचल्याच्या नोंदी वाढतील, तेव्हा वरून नोटीस पाठवू नका. नोंदी वाढल्या म्हणजे माणसं बोलायला लागली. एकही नोंद नसलेलं रजिस्टर माझ्या हाती आलं असतं, तर मी त्या वॉर्डाची चौकशी आधी केली असती.

त्या अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर कचऱ्याच्या डब्याच्या वर, मावशींना वाचता येईल अशा मोठ्या मराठी अक्षरांत लावा.

आपली,
एक निवृत्त इन्चार्ज सिस्टर,
मानेवाडा, नागपूर